घरखर्चाचा हिशोब: ॲप, एक्सेल की सासूबाईंची वही?

पिठलंभाकर | ५ मे, रात्री ११:२०

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय तेव्हा सांभाळून घ्या. घरखर्चाचा हिशोब ठेवायला तुम्ही काय वापरता आणि ते तुमच्या घरात खरंच टिकलंय का, एवढंच विचारायचंय. 'बेस्ट ॲप कुठलं' असं नकोय, तसल्या याद्या ढिगाने वाचून झाल्यात, सगळीकडे तीच दहा नावं.

आमचं घर म्हणजे मी, नवरा, सासूबाई, लेक आठवीत, मुलगा तिसरीत. पुण्यात हडपसरला राहतो. दोघांचा मिळून हातात येणारा पगार १,३८,०००, तो एका जॉइंट खात्यात येतो आणि होमलोनचा हप्ता, शाळा, किराणा, सोसायटीचा मेंटेनन्स सगळं तिथूनच जातं. दुसऱ्या बँकेत माझं एक जुनं खातं आहे, तिकडे दर महिन्याला थोडे बाजूला टाकते. पैसे पुरत नाहीत असं नाही, पुरतात, पण २५ तारखेनंतर "अगं गेले कुठे" हा जो कार्यक्रम घरात होतो त्याचा आता वैताग आलाय.

सध्या घरात तीन हिशोब चालू आहेत. एक नवऱ्याची एक्सेल शीट, ३४ कॉलम, सगळे रंगीत, शेवटची नोंद ९ फेब्रुवारी. दुसरं माझ्या फोनवरचं ॲप, बँकेचे एसएमएस वाचून आपोआप खर्च लिहिणारं. आणि तिसरी सासूबाईंची वही. लाल पुठ्ठ्याची, लांबट, दर पाडव्याला नवी. त्यांच्या हातात महिन्याला १२ हजार रोख देतो, त्यातून भाजी, दूध, इस्त्री, कामाच्या मावशी. "मेथी २ जुड्या ३०, लिंबं १०, मावशींना उचल ५००" असं रोजच्या रोज लिहितात आणि महिनाअखेर रेघ मारून खाली जी शिल्लक मांडतात ती डब्यातल्या पैशांशी तंतोतंत जुळते. मी आजवर एकदाही चुकलेली पाहिली नाही.

आता ॲपची गंमत ऐका. एप्रिलचा खर्च म्हणे १,४७,०००. अहो पगारच १,३८,००० आहे! आणि दोन्ही खात्यांत मिळून महिन्याच्या सुरुवातीपेक्षा २४ हजार जास्त पडलेत. म्हणजे आम्ही पगारापेक्षा जास्त उडवले आणि वर शिल्लकही टाकली. नवरा म्हणतो ॲप येडं आहे, शीट परत सुरू करू. सासूबाई काही म्हणत नाहीत, नुसत्या बघतात.

अडचणी: नवऱ्याचा आयफोन, माझा अँड्रॉइड. सासूबाईंना इंग्रजी नको, बारीक अक्षरं नकोत. फुकट असेल तर उत्तम. आणि आमचे पैसे कुठे जातात हे जगाला कळायला नको.

आळशी_बोका | ५ मे, रात्री ११:३४

रुमाल टाकून ठेवतो. आमच्याकडे ३४ नाही, ४१ कॉलम आहेत, आणि शेवटची नोंद गेल्या वर्षीची.

एक्सेलेंद्र | ६ मे, सकाळी ८:०५

शीटला नावं ठेवू नका हो, ३४ कॉलमला ठेवा. माझी गूगल शीट सात वर्षं चालू आहे आणि तिच्यात चारच कॉलम आहेत: तारीख, रक्कम, कशावर, कोणी. बस. बाकी बेरजा दुसऱ्या पानावर सम-इफ (अटीनुसार बेरीज करणारं सूत्र) लावून आपोआप. नवीन माणूस शीट बनवतो तेव्हा त्याला वाटतं जितके जास्त रकाने तितकी जास्त शिस्त, मग "पेट्रोल स्कूटर" आणि "पेट्रोल कार" वेगळे, "बाहेरचं खाणं" आणि "बाहेरून मागवलेलं खाणं" वेगळे, आणि एका रात्री पाणीपुरी कुठल्या रकान्यात टाकायची यावर दहा मिनिटं घालवून माणूस शीट बंद करतो ती कायमची. (हो, स्वानुभव.)

तिखटजाळ | ६ मे, सकाळी ९:४०

शीट ठीक आहे पण सासूबाई शीट उघडणार आहेत का? त्या उघडणार नसतील तर घरातला सगळा रोखीचा खर्च कोणीतरी दुसऱ्याने त्यांना विचारून विचारून भरायचा. ते कोणीतरी म्हणजे धागाकर्ती. हे आधीच सांगून ठेवते.

निवृत्त_रोखपाल | ६ मे, दुपारी १:१५

ताई, तुमचं ॲप येडं नाही, बिचाऱ्याला जे मेसेज दिसले ते त्याने लिहिले. मी बँकेत ३६ वर्षं काढली, त्यातली बरीचशी कॅशच्या पिंजऱ्यात, त्यामुळे न जुळणारा आकडा दिसला की मला झोप येत नाही. चार गोष्टी सांगा.

एप्रिलमध्ये क्रेडिट कार्डावर खरेदी किती केली? त्याच महिन्यात कार्डाचं बिल किती भरलं? स्वतःच्याच एका खात्यातून दुसऱ्यात किती टाकले? आणि एटीएममधून काढलेले १२ हजार ॲपमध्ये कसे दिसतात?

पिठलंभाकर | ६ मे, रात्री १०:५०

काका, बसून काढलं सगळं. कार्डावर खरेदी २८,६००. बिल भरलं ३१,४००, ते मार्चच्या खरेदीचं. माझ्या जुन्या खात्यात टाकले १०,०००. एटीएमचे १२,००० ॲपने 'इतर खर्च' म्हणून धरलेत. आणि हो, एसआयपीचे (म्युच्युअल फंडातल्या दरमहाच्या गुंतवणुकीचे) ८,००० पण खर्चातच दाखवतंय.

निवृत्त_रोखपाल | ७ मे, सकाळी ७:३०

सापडलं. बघा.

कार्ड घासलं तेव्हा मेसेज आला, ॲपने खर्च लिहिला. बिल भरलं तेव्हा खात्यातून पैसे गेल्याचा मेसेज आला, ॲपने परत खर्च लिहिला. म्हणजे एकच साडी दोनदा घेतली. या खिशातून त्या खिशात १० हजार टाकले, तेही खर्चात. खात्याचा ताळा घालायचा असेल तर कार्डाची खरेदी सोडून द्यायची, कारण ते पैसे अजून गेलेलेच नाहीत, बिल तेवढं धरायचं. १,४७,००० मधून २८,६०० आणि १०,००० वजा करा, राहिले १,०८,४००. एवढे पैसे एप्रिलमध्ये खरोखर घराबाहेर गेले. एसआयपी त्यात आहे, तो खर्च नव्हे पण खात्यातून गेलाय म्हणून ताळ्यात धरायचाच.

रोखीच्या १२ हजारांचं मात्र लक्षात ठेवा. ॲपमध्ये ते एकरकमी आलेत आणि वहीत तेच सुट्टे सुट्टे आलेत. उद्या उत्साहाने वहीतली भाजी ॲपमध्ये भरायला घ्याल तर मेथीसुद्धा दोनदा खाल.

आता १,३८,००० मधून १,०८,४०० गेले की शिल्लक वाढायला हवी २९,६०० ने. तुम्ही म्हणता २४,००० ने वाढली.

५,६०० कुठे आहेत ताई?

आळशी_बोका | ७ मे, सकाळी ७:५२

काका 🙏 धाग्याचं रूपांतर रहस्यकथेत झालेलं आहे. रुमालावर ठाण मांडून बसतो.

परदेशी_पावणा | ७ मे, सकाळी ८:१०

न्यू जर्सीहून लिहितोय. इथे माझं एक फुकटचं ॲप होतं, सगळी खाती आपोआप जोडलेली, आठ वर्षांचा हिशोब त्यात, आणि २०२४ मध्ये ते कंपनीने बंदच केलं. फाईल उतरवून घेतली, पण रंगीत आलेख वगैरे गेलं सगळं. तेव्हापासून एक नियम, जे वापराल त्यातून साधी सीएसव्ही फाईल (कुठल्याही शीटमध्ये उघडते ती) काढता येते का ते पहिल्याच दिवशी बघा.

आता वायनॅब नावाचं बजेटचं ॲप वापरतो. वर्षाला १०९ डॉलर, म्हणजे बायकोच्या भाषेत "काटकसर शिकायला पैसे मोजणारा पहिला माणूस". पण त्यात मला आवडलं ते असं की आधी खर्च बघायचाच नाही, हातात आत्ता जेवढे पैसे आहेत त्यातल्या प्रत्येक डॉलरला आधी काम नेमून द्यायचं, आणि एखाद्या कामाचे संपले तर दुसऱ्या कामातून उघडपणे उचलायचे. झाल्यावर रडण्यापेक्षा आधी वाटणी. इंडियातल्या बँका त्याला आपोआप जोडल्या जात नाहीत, सगळं हाताने भरावं लागेल, त्यामुळे तुम्हाला घ्या म्हणणार नाही. कल्पना मात्र उचला.

मांडवीकाठची | ७ मे, सकाळी ११:२५

ती कल्पना म्हणजे आमच्या आईची पाकिटं की हो! पोस्टाची खाकी पाकिटं, वर पेनाने 'दूध', 'फी', 'चतुर्थी'. चतुर्थीच्या पाकिटाला कोणी हात लावायचा नाही, घरात कितीही अडलं तरी.

मी पणजीची. आमचे हे तारवटी, सात महिने बोटीवर आणि मग चार-पाच महिने घरी बिनपगारी. त्यामुळे मला 'या महिन्याचं उत्पन्न, या महिन्याचा खर्च' विचारणारं कुठलंच ॲप चालत नाही, सात महिन्यांच्या पगारात बारा महिने बसवायचे असतात. मी गुडबजेट नावाचं ॲप वापरते, ते बँकेला जोडायचंच नसतं, नुसती पाकिटं, भरायची आणि त्यातून काढायची. फुकटच्या आवृत्तीत पाकिटं मोजकी आणि फोन दोनच, आम्हाला तेवढं पुरतं. एक फोन माझा, एक त्यांचा समुद्रावर. त्यांना तिथून दिसतं की 'घर दुरुस्ती'च्या पाकिटात किती जमले, आणि मला "पैसे कुठे गेले" विचारायला फोन येत नाही. लग्नाला अकरा वर्षं झाली, पहिली चार वर्षं येत होता.

खोडवा | ७ मे, रात्री ९:०५

मांडवीकाठच्या ताईंना अनुमोदन. तुम्हा पगारदारांचं बरं आहे, महिना झाला की पैसे. आमच्याकडं करवीर तालुक्यात आडसाली लागण केली की सोळा-अठरा महिन्यांनी ऊस तुटतो, म्हणजे वर्षसुद्धा बारा महिन्यांचं नाही! तोड झाल्यावर १४ दिवसांत बिल द्यायचं असं १९६६ चा ऊस नियंत्रण आदेश सांगतो. आमच्या कारखान्याचं नाव घेत नाही, पण आमचे चौदा दिवस लई मोठे असतात. मध्ये खताच्या दुकानात उधारी, आणि मुदतीच्या आत सोसायटीचं पीककर्ज भरायचं नाहीतर व्याजाची सवलत गेली.

ॲप टाकलं होतं पोरानं. पहिल्याच पानावर "तुमचे मासिक उत्पन्न लिहा". काय लिहू भावा? शून्य लिहिलं. मग ते रोज सांगायला लागलं की तुम्ही उत्पन्नापेक्षा जास्त खर्च करताय. म्हटलं तुला काय सांगायचं, आमच्या बापजाद्यांनी तेच केलंय.

आता दोन वह्या. एक शेताची, प्लॉटवार, लागण ते तोड. एक घराची. आणि शेताच्या वहीतनं घराच्या वहीत पैसे गेले तर दोन्हीकडं लिहायचं. आधी एकच वही होती तेव्हा ऊस परवडतो की नाही हेच कळत नव्हतं, कारण पोरीच्या लग्नाचा मांडव आणि पोटॅश एकाच पानावर.

निवृत्त_रोखपाल | ७ मे, रात्री ९:४०

खोडवासाहेब, "दोन्हीकडं लिहायचं" म्हणालात ना, तीच नावे-जमा. तुमच्याच पद्धतीवर चालणारं ग्नूकॅश नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, कॉम्प्युटरवर चालतं, मी स्वतः तेच वापरतो. पण घरी कोणाला सुचवत नाही. आमच्या हिला दाखवलं तर म्हणाली, "बँकेतून रिटायर झालात ना?"

कोडकिडा | ८ मे, दुपारी १२:३०

ॲपबद्दल थोडं तांत्रिक, कारण लोक सरसकट बोलतायत.

एसएमएस वाचणारी ॲप्स फक्त अँड्रॉइडवर. आयफोनवर ॲपल मेसेज वाचू देत नाही, म्हणजे धागाकर्तीच्या नवऱ्याच्या फोनवर तो प्रकार होणारच नाही. अँड्रॉइडवरही गूगलने २०१९ पासून एसएमएसची परवानगी कडक केली, पण खर्चाचा हिशोब ठेवणाऱ्या ॲप्सना सूट दिली. सूट मिळाली म्हणजे ते फक्त बँकेचे मेसेज वाचतं असं नाही, परवानगी सगळ्या इनबॉक्सची असते.

दुसरा रस्ता अकाउंट ॲग्रिगेटरचा, म्हणजे बँकेतली माहिती ॲपपर्यंत पोचवणाऱ्या मध्यस्थाचा. रिझर्व्ह बँकेचे नियम २०१६ चे, प्रत्यक्षात चालू झालं सप्टेंबर २०२१ मध्ये. यात तुम्ही संमती देता की अमुक खात्याची माहिती अमुक ॲपला अमुक दिवसांसाठी द्या, मध्यस्थाला स्वतःला ती वाचता येत नाही, आणि संमती कधीही काढून घेता येते. एसएमएसपेक्षा हे कितीतरी स्वच्छ. पण संमतीच्या पानावर मुदत वाचा, लोक तिथे डोळे मिटून ओके करतात. आणि रोख त्यालाही दिसत नाही.

५,६०० बद्दल माझा अंदाज: छोटे यूपीआय. काही बँकांनी लहान रकमांचे एसएमएस पाठवणं बंद केलंय. मेसेज नाही तर ॲपला खर्च माहीतच नाही. पासबुक किंवा स्टेटमेंटची पीडीएफ काढून बघा, त्यात सगळं असतं. अपवाद यूपीआय लाइटचा (छोट्या रकमांचं फोनमधलं पाकीट), त्यात पैसे भरले की बँकेत ती एकच एंट्री, पुढचे चहा-वडे स्टेटमेंटमध्ये येतच नाहीत.

तिखटजाळ | ८ मे, दुपारी २:००

त्या 'फुकट' ॲपवरून सांगते. मीही असंच एक टाकलं होतं, नाव घेत नाही. दोन महिने छान चाललं, मग "तुम्हाला ८०,००० चं कर्ज मंजूर", मग रोज, मग पगाराच्या आदल्या आठवड्यात बरोब्बर. त्याला माहीतच की माझ्या खात्यात कधी खडखडाट असतो! कर्ज देणाऱ्या ॲप्सनी फोनमधले फोटो नि कॉन्टॅक्ट चाळू नयेत असं रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये बजावलंय, ते ठीक, पण हिशोबाच्या नावाखाली मी स्वतःच खिडकी उघडून दिली होती. काढून टाकलं.

आणि अजून एक, जे कोणी बोलत नाही. हिशोब एकत्र झाला की घरात पोलीसचौकी उघडते. आमच्याकडे शेअर्ड शीट होती तेव्हा "हे ६५० कसले?" असा मेसेज मला ऑफिसात मीटिंग चालू असताना यायचा. थ्रेडिंग-फेशियलचे होते. चार दिवस अबोला. शेवटी ठरलं, दोघांना दरमहा ठराविक हातखर्च, तो एकाच ओळीत लिहायचा आणि आत काय हे विचारायचं नाही. ती ओळ आली आणि मगच आमची शीट टिकली.

एक्सेलेंद्र | ८ मे, दुपारी २:२०

+१०० हातखर्चाला. माझ्या शीटची सात वर्षं त्याच ओळीवर उभी आहेत. 'कोणी' कॉलम म्हणूनच सुटसुटीत ठेवलाय, कोर्टात पुरावा म्हणून नाही.

पिठलंभाकर | १० मे, रात्री ११:४५

काका, कोडकिडा, सापडले.

स्टेटमेंट काढलं. एप्रिलमध्ये शंभर रुपयांच्या खालचे ९१ व्यवहार, एकाचाही एसएमएस नाही. बेरीज ५,६०४. (काका, चार रुपये इकडेतिकडे चालतील ना?) मी काय केलं, मोठ्या आवाजात वाचायला घेतलं, नवऱ्यासमोर, सासूबाईंसमोर. कारण मला खात्री होती की हे सगळे याच्या ऑफिसखालच्या टपरीचे चहा. चहा १५, चहा १५, वडापाव २५, चहा ३०...

चाळिसाव्या ओळीनंतर माझा आवाज बारीक झाला. ९१ पैकी ५४ माझे निघाले. रिक्षा, झेरॉक्स, मुलाचा क्राफ्टपेपर, स्टेशनबाहेरची फुलपुडी, दहीवाला, पार्किंग, परत झेरॉक्स. ८५ रुपयांचं एक काय ते अजून आठवत नाहीये. नवऱ्याने काहीही म्हटलं नाही, फक्त चहा घेणार का असं विचारलं. सासूबाई म्हणाल्या, "फुलपुडी तीसची? आणि ती पण सुकलेली आणतेस."

आळशी_बोका | ११ मे, सकाळी ७:१५

😂😂 "फक्त चहा घेणार का असं विचारलं." दादांना आमचा दंडवत.

निवृत्त_रोखपाल | ११ मे, सकाळी ८:००

चार रुपये चालणार नाहीत. पण तुम्ही पहिल्यांदाच बसला आहात म्हणून सोडतो.

आता साधन निवडायचं. सासूबाईंची वही का जुळते याचा विचार केलात? त्या मोठ्या हिशोबी म्हणून नव्हे. त्या रोजमेळ ठेवतात: कालची शिल्लक, आजची जमा, आजचा खर्च, उरलेली शिल्लक, आणि ती डब्यात हात घालून मोजलेली. तुमच्या ॲपला आणि साहेबांच्या शीटला शिल्लक हा रकानाच नाही. नुसता खर्च लिहिणं म्हणजे गाळणीत पाणी मोजणं. जे काही घ्याल त्यात आठवड्यातून एकदा "खात्यात प्रत्यक्ष किती" हे लिहायला जागा करा.

कोडकिडा | ११ मे, दुपारी १:१०

काकांचं बरोबर. माझ्या घरी मी असं केलंय: गूगल फॉर्म, तीनच प्रश्न. किती, कशावर (आठ पर्याय, मराठीत, मोठ्या अक्षरात), कोणी. त्याची लिंक प्रत्येकाच्या फोनच्या पहिल्या पानावर आयकॉन म्हणून ठेवली. आयफोन असो अँड्रॉइड असो, फॉर्म सारखाच. उत्तरं आपोआप शीटमध्ये पडतात. आई टाइप करत नाही, कीबोर्डवरचा माइक दाबून बोलते. फक्त कधी कधी 'कोथिंबीर वीस'चं भलतंच काहीतरी उमटतं, पण आकडा सहसा बरोबर येतो.

रोख कमी करायची असेल तर यूपीआय सर्कल बघा, ऑगस्ट २०२४ मध्ये आलंय. तुमच्याच खात्यातून घरच्या दुसऱ्या माणसाला खर्च करता येतो, महिन्याला जास्तीत जास्त १५ हजारांची मर्यादा घालून देता येते.

पिठलंभाकर | ११ मे, रात्री १०:२०

सर्कल सासूबाईंना समजावून सांगितलं. "म्हणजे मी कोथिंबीर घेतली की तुझ्या फोनवर घंटा वाजणार?" विषय तिथेच संपला.

फॉर्म करून बघते. दोन महिन्यांनी येऊन सांगते, नाही आले तर समजून घ्या.

खोडवा | १२ मे, सकाळी ६:४०

येणार नाही असं वाटतंय, पण या.

पिठलंभाकर | १७ ऑगस्ट, रात्री ११:०५

आले! दोनाचे तीन महिने झाले, माफ करा, मध्ये शाळा सुरू झाली.

फॉर्म मी आणि नवऱ्याने बारा दिवस भरला. मग मी विसरले, मग तो विसरला, मग दोघांनी एकमेकांकडे बोट दाखवलं. पण एक झालं. सुरुवातीला घरचा एक व्हॉट्सॲप ग्रुप काढला होता, फॉर्मची लिंक टाकायला म्हणून. त्यात नवऱ्याने एकदा आळसाने नुसतं "पेट्रोल ५००" लिहिलं. मग मी "झेरॉक्स ४०". मग लेकीने "आई मी २० चं पेन". सासूबाई माइक दाबून बोलतात, त्यांचा मेसेज सगळ्यात लांब असतो, त्यात भाजीवालीच्या मुलाचं लग्नही येतं. पण येतो. रोज येतो. सगळ्यांना व्हॉट्सॲप उघडायचंच असतं, त्यामुळे वेगळं काही 'वापरतोय' असं वाटतच नाही.

रविवारी रात्री जेवणं झाली की लेक ग्रुपमधलं वाचते आणि सासूबाई वहीत उतरवतात. हो, वहीतच. आता लाल वहीत सगळं घर आहे, नुसती भाजी नाही. डावीकडे रोख, उजवीकडे खातं. पानाच्या खाली काकांची ओळ: खात्यात प्रत्यक्ष इतके. नवरा बँकेचं ॲप उघडून आकडा सांगतो आणि त्या चष्म्यावरून बघतात, जुळतोय का. कार्डाचं बिल आलं की त्यांनी स्वतःहून विचारलं, "हे मागच्याचंच ना? मग परत नाही लिहायचं." मला जे समजायला तीन वर्षं लागली.

शीट आहे अजून, एक्सेलेंद्र, पण महिन्याला एकदाच, नऊ ओळी. नवऱ्याच्या समाधानासाठी रंगीत ठेवलीय. एसएमएसवालं ॲप काढून टाकलं, परवानगीसकट. गणपतीचं पाकीट वेगळं केलंय मांडवीकाठच्या ताईंसारखं, खरं कागदी, फ्रिजवर चुंबकाने. त्यात मुलाने स्वतःचे ११ रुपये घातलेत.

आणि हातखर्चाची ओळ. तिखटजाळ, तुझे आभार किती मानू. दोघांना तीन-तीन हजार. सासूबाईंनी वहीत त्या ओळीला नाव दिलंय 'विचारू नये'. तसंच लिहितात, ठसठशीत अक्षरात. "विचारू नये, ६,०००."

जुलैचा फरक फक्त ३४० रुपये!

तिखटजाळ | १७ ऑगस्ट, रात्री ११:२०

विचारू नये!!! मी माझ्या शीटमध्ये आत्ताच्या आत्ता नाव बदलतेय.

परदेशी_पावणा | १८ ऑगस्ट, सकाळी ६:५०

१०९ डॉलर देऊन मला जे मिळतं ते तुम्हाला वहीत मिळालं. बायकोला हा धागा दाखवणार नाही.

खोडवा | १८ ऑगस्ट, सकाळी ७:०५

आल्या की खरंच! आमच्या मंडळींना पण ग्रुप काढून दिला काल. पहिला मेसेज "युरिया २ पोती", दुसरा "सोन्याचं डोरलं बघितलंय". डोरलं कुठल्या वहीत लिहू?

निवृत्त_रोखपाल | १८ ऑगस्ट, सकाळी ८:१०

खोडवासाहेब, घराच्या. वाद घालू नका.

ताई, उत्तम. पण ३४० कुठे आहेत?

पिठलंभाकर | १८ ऑगस्ट, रात्री १०:३०

काका, मला माहीतच होतं तुम्ही विचारणार. म्हणून आज परत बसले. खात्याची बाजू रुपयाला रुपया जुळली. फरक रोखीच्या बाजूला, म्हणजे डब्यात. तिथे आजवर कधी फरक आलेला नाही, म्हणून मागची पानं उलटली, तर १९ जुलैला एक ओळ खोडलेली, ती पण अशी की खालचं वाचता येऊ नये. सासूबाईंना म्हटलं आई, इथे ३४० चं काय होतं?

त्यांनी वही माझ्या हातातून घेतली, पेन घेतलं, 'विचारू नये' समोरचे ६,००० खोडून ६,३४० केले आणि वही मिटली.

निवृत्त_रोखपाल | १९ ऑगस्ट, सकाळी ७:०५

जुळलं.